दुखण्यानंतरचे जेवण
(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. डॉक्टरी सांगायला उभी नाही. थोरल्या जाऊबाईंच्या मलाशयातील कर्करोगाची गाठ काढली, त्याला दोन वर्षे झाली. त्यांचे जेवणखाण माझ्याकडे असते, तेवढेच सांगते.

आतला जोड भरून यावा म्हणून काही महिने लहान आतडे पोटावर काढून पिशवी लावली होती. अन्नातले पाणी व मीठ शोषण्याचे मोठ्या आतड्याचे काम तेव्हा बंदच. नुसते पाणी पिऊन भागत नसे, डॉक्टरांनी ठरवून दिलेले ओआरएस द्यावे लागे. वजन उतरले, दंड-मांड्या सुकल्या.

मग येईल तिच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा! माया खरी, पण पिशवी निघाल्यावर वर्षभरात वजन परत आले ते सारे कमरेवर. पायांत जोर नाहीच, आणि रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी समजावले, की शस्त्रक्रियेच्या ताणाने किंवा उलटीवरच्या स्टेरॉइडने चढलेली साखर बहुधा पुढे उतरते. बसून राहिल्याने, पोट सुटल्याने चढलेली आपोआप उतरत नाही. साखर मुख्यतः स्नायू वापरतात, आणि तेच झिजलेले.

आता जेवणात डाळ, ताक, अंडे वाढवले आहे. (अंड्याला सासूबाईंची संमती मिळवणे हे निराळेच भाषण होईल!) जेवणानंतर फेरी, आणि हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठणे. कर्करोगाच्या तपासणीबरोबर तीन महिन्यांची सरासरी साखरही पाहतात.

समाचाराला अवश्य या. संध्याकाळी सहाला या, जाऊबाई फेरीला सोबत शोधतच असतात.