पट्ट्याविना थोर

जगज्जेतेपदाचा पट्टा कमरेला बांधला की मुष्टियोद्धा थोर ठरतो, असा आपला समज असतो. सॅम लँगफर्डची कारकीर्द हा समज खोडून काढते.

कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा उंचीने साडेपाच फुटांच्या थोडासाच वर; पण भल्याथोरल्या हेवीवेट खेळाडूंना तो लोळवायचा. १९०६ मध्ये जॅक जॉन्सनने त्याला पंधरा फेऱ्यांच्या लढतीत गुणांवर हरवले. १९०८ मध्ये जॉन्सन जगज्जेता झाला आणि त्याने लँगफर्डला पुन्हा संधी दिलीच नाही. त्या काळी वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांना जगज्जेतेपदाच्या लढती क्वचितच मिळत. म्हणून हॅरी विल्ससारख्या, तशाच डावललेल्या खेळाडूंशी लँगफर्ड पुन्हापुन्हा झुंजला. दृष्टी अधू झाली, तरी तो रिंगणात उतरत राहिला. जगज्जेतेपद मात्र अखेरपर्यंत मिळाले नाही.

आज मुष्टियुद्धातल्या चार प्रमुख संघटना आपापले जगज्जेते ठरवतात. एकाच वजनगटात एकाच वेळी चार विजेते असू शकतात. तेव्हा पट्टे जरूर मोजावेत. पण खेळाडू कोणाशी लढला आणि त्याच्याशी लढायचे कोणी टाळले, हे आधी पाहावे. थोरवीचा खरा कस तिथेच लागतो.