फोन कोणाच्या हातात?

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी डॉक्टर नाही. रुग्णालयाच्या नोंदी संगणकावर आणणाऱ्यांपैकी मी एक आहे. त्या कामातला एक पेच आज आपल्यापुढे मांडतो.

इंग्लंडमध्ये गरोदर स्त्रीच्या तपासण्यांची वही पूर्वी तिच्याच पिशवीत असे. मिडवाइफ तिला एकांतात विचारी, "घरी सुरक्षित वाटते ना?" उत्तर 'नाही' आले तर ते त्या वहीत लिहावयाचे नाही, असा दंडक होता, कारण वही घरी जाते, आणि तेथे ती कोण उघडील ह्याचा नेम नाही. ती गोष्ट रुग्णालयातल्या वेगळ्या कागदांत राही. काही रुग्णालयांनी तर स्वच्छतागृहात रंगीत ठिपक्यांचे स्टिकर ठेवले. लघवीच्या बाटलीवर ठिपका चिकटवला, की मिडवाइफने समजावे : हिला एकटीला काही सांगावयाचे आहे. बरोबर आलेला नवरा तेवढ्यापुरता तरी दाराबाहेरच असतो. इतकी शहाणी रचना आमच्या क्षेत्रात मी क्वचितच पाहिली, आणि तिला वीजही लागत नाही.

पुढे वही फोनमध्ये आली. १६ वर्षे व त्यापुढील रुग्णांना त्यांच्या नव्या नोंदी ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत ऑनलाइन खुल्या कराव्यात, असे बंधन इंग्लंडमधील जी. पी. दवाखान्यांवर घालण्यात आले. स्वतःची नोंद स्वतः वाचता येणे हा हक्कच आहे; त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आम्ही रचना करणाऱ्यांनी एक गृहीत धरले : एक रुग्ण, एक फोन, एक वाचणारा. आपल्या घरांत तसे असते का? सून भारतातून नुकतीच आलेली, फोन नवऱ्याने घेऊन दिलेला, पासवर्डही त्यानेच ठरवलेला. कुलूप कितीही भक्कम असो, ज्याच्यापासून जपावयाचे, किल्ली त्याच्याच खिशात!

एखादी नोंद ऑनलाइन दिसू नये, अशी सोय जी. पी.च्या संगणकात आहे. पण ती वापरण्याची आठवण घाईत असलेल्या माणसावर सोपवलेली आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी 'हे पान सोडा' असे बटणही निघाले. दाबताच पडद्यावर हवामानाचे पान येते. कल्पना चांगली; मात्र उघडलेल्या पानांची यादी फोनमध्ये तशीच राहते.

आणि आपण? आपण सुनेबरोबर, बहिणीबरोबर दुभाषी म्हणून आत जातो. मायेनेच जातो. पण घरचेच माणूस शेजारी बसले असता त्या प्रश्नाला खरे उत्तर कसे यावे? दुभाषी रुग्णालयाकडे मागता येतो. रुग्णाला त्याचे पैसे पडत नाहीत. आणि भगिनींनो, फोनवर नोंदी दिसणे धोक्याचे वाटत असेल, तर जी. पी.ला एकटीने भेटून तसे सांगा. ती सोय बंद करून मिळते.