टाला : घरे आधी, गाव मागून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेल्या बाईने तिथल्या थंडीचे आणि दुकानांचे वर्णन करावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र एका खेड्याची हकीकत सांगणार आहे. माझी मुलगी आयर्लंडमध्ये, डब्लिन शहराच्या नैर्ऋत्येला टाला येथे राहते. तिच्याकडे मी अडीच महिने होते. टाला हे नाव लिहिताना शेवटी तीन अक्षरे जास्त घालतात, पण ती उच्चारीत नाहीत!

आठव्या शतकात मेलरुआन नावाच्या संताने तेथे मठ स्थापला. पुढे कित्येक शतके ते डोंगराच्या पायथ्याचे लहानसे खेडेच राहिले. १८८८ साली तेथून वाफेची ट्राम धावू लागली, ती १९३२ साली बंदही पडली. गाव होते तेवढेच. मग १९६७ साली मायल्स राइट या नगररचनाकाराने डब्लिनच्या पश्चिमेस नवी नगरे वसविण्याची योजना मांडली. त्यांत टाला होते. १९७० नंतर शेते गेली आणि एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. शहरातल्या दाटीतून तरुण जोडपी राहावयास आली. आज तेथील वस्ती सुमारे ८० हजार आहे.

पण घरे आली त्या वेगाने बाकीचे आले नाही. मुलीच्या शेजारी सत्तरी उलटलेल्या एक बाई राहतात. माझे इंग्रजी बेताचे, त्यांचे उच्चार अवघड; पण दोघी संसारी, त्यामुळे काही अडले नाही. त्या म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा घर नवे कोरे, दाराशी चिखल. दूध-पाव घेऊन एक गाडी येई, तेच आमचे दुकान. बसची वाट पाहता पाहता बाळ रडून झोपी जाई. आई शहरात राहिलेली. भिंतीपलीकडच्या बाईचे नाव कळायला मला चार महिने लागले."

अखेर एके दिवशी त्या साखर मागायला शेजारी गेल्या. साखर घरात होती! त्यातून चौघीजणी एकत्र आल्या. एकीने सगळ्यांची मुले सांभाळावी, बाकीच्यांनी बाजार करून यावे, असे ठरले. मग अर्ज, सभा, सह्या यांनाही त्या पुढे होऊ लागल्या.

मोठा बाजार १९९० साली उघडला, मोठे इस्पितळ १९९८ साली आले. गेलेली ट्राम, आता विजेची, २००४ साली परत आली. बाई हसून म्हणाल्या, "तोवर माझी मुले मोठी होऊन गेली होती. मला मोठे केले ते त्या तिघींनी."

भगिनींनो, आपल्याही रस्त्यापलीकडे शेते होती, तेथे आता इमारती आहेत. तिथल्या बायकांना मंडळात घ्यावे की नाही, यावर गेल्या सभेत वाद झाला. "त्या आपल्या गावच्या नव्हेत," असे मीच म्हटले होते. ते शब्द आज मी सर्वांसमक्ष मागे घेते. गावची म्हणून कोणी येत नाही. कोणीतरी हाक मारली म्हणजे ती गावची होते.

येत्या संक्रांतीचे पहिले बोलावणे घेऊन मी स्वतः तिकडे जाईन. माझ्याबरोबर कोण येणार, तेवढे आज सांगा.