रेडी फॉर व्हॉट?

आजचा विषय जरा घरातलाच आहे.

मागच्या दिवाळीत मी घोडेगावला होतो. पाडव्याला दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा डॅलसला असतो, त्याची मुलगी सात वर्षांची. आजीने फोन हातात घेतला आणि घरातली सगळ्यात मोठी बातमी सांगितली, "म्हैस व्यायली गं बाई! रेडी झाली!"

पुतणी म्हणाली, "रेडी फॉर व्हॉट?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. आजी पण हसली, पण कशाला हसतोय ते तिला कळलं नव्हतं. मग मी मध्ये बसून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे सांगायला लागलो. पाच मिनिटांत आजीने फोन माझ्याकडे दिला. म्हणाली, "तुम्ही बोला. मी नुसती बघते तिला."

ते वाक्य काही डोक्यातून जाईना राव.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नगरहून संभाजीनगरकडे जाताना शनिशिंगणापूरचा फाटा लागतो, ते आमचं घोडेगाव. आमच्याकडचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे, त्यातही म्हशींचा. रेडी झाली म्हणजे काही वर्षांनी दारात आणखी एक दुभती म्हैस. आजी नातीला नुसतं पिल्लाचं सांगत नव्हती, घरात बरकत आली हे सांगत होती. ते मला 'बेबी बफेलो' म्हणून पोचवता आलं नाही.

पहिला राग दादावर आला. पण त्याचंही ऐकलं पाहिजे. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं, घरी पण इंग्रजी बोला, नाहीतर मागे पडेल. दोघंही नोकरीला. घाबरले आणि बदलले. मराठी नको असं कुणी ठरवलं नव्हतं.

मग मी शोधायला लागलो की आपल्याआधी जी मराठी माणसं लांब गेली, त्यांच्या भाषेचं काय झालं. दोन ठिकाणं सापडली, आणि दोन्हीकडे बरोब्बर उलटं घडलंय.

पहिलं तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1670च्या दशकात तिथं राज्य स्थापलं. त्यांच्याबरोबर आणि नंतरही सैनिक, कारकून, कीर्तनकार अशी कितीतरी घरं तिकडे गेली. दप्तर मोडीत चालायचं. सरफोजीराजे दुसरे यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, 1803 मध्ये. 1855 मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केलं. दरबार गेला, दप्तर गेलं. मुलं तमिळ आणि इंग्रजी शिकली. पण घरात मराठी राहिली! आजही तमिळनाडूत अशी घरं आहेत. त्यांच्या बोलीत तमिळ शब्द आहेत, आणि आपण विसरलेले जुने मराठी शब्दही आहेत. साडेतीनशे वर्षं ही भाषा स्वयंपाकघराने टिकवली. पण ज्यांनी देवनागरी शिकलीच नाही, त्यांना आपल्याच राजाने कोरलेला तो शिलालेख वाचता येत नाही.

दुसरं मॉरिशस. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही होती. आज तिथं शाळेत मराठी शिकता येते. मोका गावातली महात्मा गांधी संस्था मराठीचे शिक्षक तयार करते. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं झाकरी म्हणून नाचतात. सगळं आहे! पण बहुतेक घरांत बोलतात क्रिओल. मुलगा देवनागरीत निबंध लिहील, पण भूक लागली हे आईला क्रिओलमध्ये सांगेल.

म्हणजे तंजावरला बोलणं राहिलं आणि अक्षर गेलं. मॉरिशसला अक्षर राहिलं आणि बोलणं गेलं. मला वाटलं, दादाच्या घरी दोन्ही जाणार.

हे सगळं मी आईला सांगत होतो, जरा भाषणच देत होतो. ती शांतपणे म्हणाली, "तू पाठवतोस ते मला कुठं वाचता येतं?"

मला कळेना. मग तिने व्हॉट्सॲप उघडून दाखवलं. पुण्यात नोकरीला लागल्यापासून मी तिला मराठीच लिहितोय, पण इंग्रजी अक्षरांत. आई सातवी शिकलेली. पेपर रोज वाचते, हरिपाठाची पोथी वाचते. पण माझा मेसेज आला की शेजारच्या पोराला हाक मारायची, "बघ रे, काय लिहिलंय." म्हणून ती मला कायम व्हॉइस नोट पाठवायची. मला वाटायचं, तिला टाइप करायचा कंटाळा येतो.

दादा समुद्रापार गेला. मी तीन-चार तासांवर आहे, आणि माझ्या आईला माझं पत्र वाचायला शेजारी लागतो.

आमच्याच तालुक्यात, नेवाशाला, 1290 मध्ये ज्ञानेश्वरी झाली. परंपरा सांगते, ज्ञानेश्वरांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. एकाने बोललं, दुसऱ्याने लिहिलं, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मी पण स्टेटस ठेवलं होतं. ते सुद्धा इंग्रजी अक्षरांत.

असो. मी त्याच रात्री मराठी कीबोर्ड चालू केला. पहिला आठवडा वैताग आला, जोडाक्षरं चुकायची. आता हात बसलाय. आईचं पहिलं उत्तर आलं ते दोनच शब्दांचं, "वाचलं. जेवलास?" अनुस्वारासकट.

आणि दादाशी एक ठरवलंय. रविवारी दहा मिनिटं फक्त आजी आणि पुतणी. मी मध्ये बोलायचं नाही, दादाने पण नाही. पहिल्या रविवारी दोघी बराच वेळ एकमेकींकडे नुसत्या बघत बसल्या. मग आजी उठली, फोन घेऊन गोठ्यात गेली. आता कॉल लागला की पुतणीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आजी, रेडी दाखव." बाकीचं अजून इंग्रजीतच चालतं. पण आजी फोन माझ्याकडे देत नाही.

तुम्ही हे ऐकत असाल तर हा भाग संपल्यावर एक करा. घरी शेवटचा मेसेज कोणत्या अक्षरांत पाठवलाय ते बघा. आणि समोरच्याला तो वाचता आला का, हे फोन करून विचारा.

भेटू पुढच्या भागात. राम राम.