खेळाचं भाडं



मालवण तालुक्यातलं आमचं धामापूर तलावासाठी ओळखलं जातं. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी 1530 साली तो बांधला. काठावर भगवतीचं देऊळ आहे. या तलावाची एक गोष्ट गावात अजून सांगतात. घरात लग्न निघालं आणि नवरीच्या अंगावर घालायला सोनं नसलं, की फुलांची परडी पाण्यात सोडायची. परडी बुडायची आणि दागिन्यांनी भरून वर यायची. लग्न आटोपलं की दागिने जसेच्या तसे तलावाला परत. पुढे कुणीतरी ते परत केले नाहीत आणि देवीनं हात आखडता घेतला.

आज मला बोलायचंय ते बैठ्या खेळांच्या कंपन्यांबद्दल, म्हणजे पट, पत्ते, सोंगट्या विकणाऱ्यांबद्दल. त्यांचा एक मोठा व्यवहार या परडीसारखाच चालतो. दागिना वापरायला द्यायचा, मालकी सोडायची नाही, मुदत ठरवायची, अट मोडली की देणं बंद. देवी भाडं घेत नव्हती, कंपन्या घेतात. त्या भाड्याला रॉयल्टी म्हणतात आणि त्या परवानगीला लायसन्स.

पण खेळात भाड्यानं देण्यासारखं असतं तरी काय? नियम नव्हेत. खेळायच्या पद्धतीवर कॉपीराइट मिळत नाही. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी इंटरनेटवर ‘स्क्रॅब्युलस’ नावाचा शब्दखेळ काढला होता. स्क्रॅबलवाली मॅटेल कंपनी त्यांच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर 2008 मधल्या आदेशात न्यायालयानं पटाच्या मांडणीवरचा कॉपीराइटचा दावा मानला नाही, पण नाव मात्र वापरू नका असं बजावलं. त्यांनी नाव बदललं, ‘लेक्स्युलस’ केलं, आणि खेळ चालू राहिला. या धंद्याचं सगळं मर्म या एका निकालात आहे. पैसा नावात असतो, चित्रात असतो, खेळाभोवती रचलेल्या गोष्टीत असतो.

हे ज्यांना आधी कळलं त्यांनी आपल्याच अंगणातले खेळ उचलले. आपली पचिशी अमेरिकेत ‘पार्चीसी’ झाली आणि त्या नावाची 1874 साली रीतसर नोंद झाली. पुढे इंग्लंडमध्ये लुडोचं पेटंट निघालं. आपला सापशिडीचा मोक्षपट अमेरिकेत ‘शूट्स अँड लॅडर्स’ झाला. मिल्टन ब्रॅडली कंपनीनं तो 1943 साली बाजारात आणला, तोही साप काढून टाकून, घसरगुंड्या घालून! पचिशीवर कुणी डल्ला मारला असं मी म्हणणार नाही. ती कुणाच्या नावावर नव्हतीच. ज्यानं कागद केला, त्याचं नाव लागलं. कागद करूनही तो स्वस्तात सोडून देणारी माणसंही झाली. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी ज्या खेळाचं पेटंट 1904 साली घेतलं, त्यातून पुढे मोनोपोली आली. 1935 साली पार्कर ब्रदर्सनं त्यांचे हक्क 500 डॉलरला विकत घेतले. विकत घेतले, भाड्यानं नव्हे. बाईंच्या पदरात पुढे मोनोपोलीची एक दमडी पडली नाही. तीच मोनोपोली आज हॅसब्रो कंपनीकडे आहे. तिच्यावरून दुसऱ्या एका कंपनीनं 2023 साली मोबाईलवर ‘मोनोपोली गो’ हा खेळ काढला आणि 2024 या एका वर्षात हॅसब्रोला त्यातून 10 कोटी डॉलरहून अधिक मिळाले.

आता भाडेकरार कसा असतो ते पाहू. समजा, एखाद्या कारखान्याला प्रसिद्ध खेळाचं चित्र टी-शर्टवर छापायचंय. मालक आधी एक किमान रक्कम मागतो. माल खपो न खपो, ती द्यायचीच. मग घाऊक किमतीवर टक्केवारी. ती आठ टक्के ठरली आणि शर्टाची घाऊक किंमत 250 रुपये असली, तर एका शर्टामागे 20 रुपये मालकाचे. शिवाय कुठल्या देशात विकायचं, किती वर्षं विकायचं, शर्टच की कपबश्याही, नमुना आधी कोण पास करणार, मुदत संपल्यावर उरलेल्या मालाचं काय, आणि हिशेबाच्या वह्या तपासायचा हक्क कुणाला, हे सगळं कलमवार लिहिलेलं असतं. कापड, शिलाई, गोदाम, न खपलेला माल ही डोकेदुखी कारखानदाराची. मालकाच्या खिशात येतो तो जवळजवळ निव्वळ नफा.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी याचा ठळक नमुना. वॉरहॅमर नावाच्या युद्धखेळासाठी ती सैनिकांचे बोटाएवढे पुतळे बनवते. लोक ते विकत घेतात, घरी बसून रंगवतात आणि टेबलावर लढवतात. जून 2025 ला संपलेल्या वर्षात तिची मुख्य विक्री साडेछप्पन्न कोटी पौंडांची होती, आणि नुसत्या परवान्यांचं उत्पन्न सव्वापाच कोटी पौंडांचं. 2024 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘स्पेस मरीन 2’ या व्हिडिओ गेमचा त्यात मोठा वाटा. एक गेम चालला तर पाऊस, नाही तर कोरडं नक्षत्र. म्हणून ही कंपनी स्वतः सैनिक ओतायचा कारखाना काही बंद करत नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं.

आणि जास्त ताणलं की काय होतं? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या मालकांनी 2000 साली आपल्या नियमांच्या मजकुराचा मोठा भाग खुल्या परवान्यानं सर्वांना वापरू दिला होता. त्यावर शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले. जानेवारी 2023 मध्ये नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर 25 टक्क्यांपर्यंत रॉयल्टी घ्यायचा त्यात बेत होता. खेळणारे असे खवळले की महिना संपायच्या आत मालकांनी बेत गुंडाळला आणि मूळ नियम कायमचे मोकळे केले.

हा धंदा आपल्याला अगदीच परका नाही. एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी मिळून 1987 साली काढलेल्या फनस्कूलचा कारखाना इथून जवळच, गोव्यात उभा राहिला. नाव परक्याचं, हात इथले.

पण नाव आपलं आणि हातही आपले, असा खेळ बघायचा तर कुडाळमार्गे सावंतवाडीच्या राजवाड्यात जा. तिथे गंजिफा नावाचे पत्ते रंगवतात. गोल पानं, चिंचोक्याची खळ देऊन घट्ट केलेली, वर लाखेची चकाकी. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे 120 पानांचा डाव. दिवसा खेळायला बसलात तर रामाचा राजा ज्याच्या हातात त्याची पहिली उतारी, दिवेलागणीनंतर कृष्णाचा. ही कला संपायला आली होती. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींकडून ती शिकून घेतली, म्हणून टिकली. मात्र आज घेतला जाणारा संच बहुधा काचेच्या कपाटात जातो. खेळायला बसणारं घर शोधावं लागतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

सावंतवाडीच्या गंजिफांना आता भौगोलिक मानांकन आहे. कौतुकाची गोष्ट, पण तिच्याकडून भलती अपेक्षा नको. भौगोलिक मानांकनाच्या 1999 च्या कायद्याचं 24 वं कलम सांगतं की हे मानांकन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही आणि परवान्यानं भाड्यानंही देता येत नाही. दुसऱ्या गावच्या मालाला सावंतवाडीचं नाव लावू न देणं, एवढं त्याचं काम. भाडं मिळायचं तर ते कलावंताच्या स्वतःच्या चित्रावर. मत्स्यावतार सगळ्यांचा आहे, पण तुम्ही स्वतः कल्पून काढलेला मत्स्य तुमचा. त्याचा कॉपीराइट तुमच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं राहतो. एखाद्या संस्थेत पगारावर काढलेलं चित्र मात्र वेगळा करार नसेल तर संस्थेचं होतं, हे ध्यानात असू द्या.

म्हणून जिल्ह्यातल्या चितारी मंडळींना, आणि शाळा-कॉलेजात चित्रं काढणाऱ्या मुलामुलींनाही, माझी विनंती आहे. कॅलेंडरवाला, साडीवाला किंवा मोबाईल गेमवाला दारात आला तर त्याला चहा द्या, चित्रही द्या, पण ‘सर्व हक्कांसह कायमचं’ अशा कागदावर सही करू नका. कशावर छापणार, किती वर्षं, कुठे आणि नगामागे किती, हे लिहून घ्या. कागदावर मुदत आणि प्रदेश लिहायचा राहिलाच, तर आपला कॉपीराइट कायदा मुदत पाच वर्षांची आणि प्रदेश भारतापुरता धरतो.