शिसं, पाणी आणि एक चुकलेला आकडा



दहावीत सरांनी शिकवलं होतं, किरणोत्सार अडवायचा तर शिसं. क्ष-किरणांसाठी ते आजही खरं. अंतराळात मात्र ते अंगाशी येऊ शकतं. सर, रागावू नका!

आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण म्हणजे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारी अणुकेंद्रकं. ती शिशाच्या जड अणूवर आदळली की न्यूट्रॉनसारखे नवे कण उडतात आणि आडोशाला बसलेल्यालाच लागतात. त्याच वजनात हायड्रोजनने भरलेलं पाणी किंवा पॉलिथिलीन जास्त कामाचं.

दुसरा धोका सूर्याचा. ऑगस्ट 1972 मध्ये प्रचंड सौरवादळ झालं. अपोलो 16 एप्रिलमध्ये परतलं होतं, 17 डिसेंबरमध्ये निघालं. मधे कुणी चंद्रावर फिरत असतं तर नुसत्या स्पेससूटमध्ये आजारीच पडलं असतं. म्हणून ओरायन यानात वादळ आलं की अंतराळवीरांनी सामानाच्या कप्प्यांत शिरायचं आणि भोवती पिशव्या रचायच्या. सहलीच्या एसटीची काच फुटली तेव्हा आपण दप्तरं लावली होती ना, तसंच.

कुठली पिशवी कुठे ठेवायची, हे संगणक सांगतो. एकेक कण सोडायचा, तो कुठे वळेल, कुठे फुटेल हे जणू फासे टाकून ठरवायचं, असं लाखो वेळा. हीच माँटे कार्लो पद्धत कर्करोगाच्या रेडिओथेरपीत वापरतात, आणि माझी नोकरी त्या सॉफ्टवेअरची.

एकदा मी चाचणीच्या मॉडेलमध्ये पॉलिथिलीनची घनता 0.94 ऐवजी 9.4 लिहिली. आलेख इतका सुरेख आला की मीटिंगमध्ये कौतुक झालं. फाइल रुग्णालयात जायला चार दिवस होते. नवीन लागलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे प्लास्टिक लोखंडापेक्षा जड कसं?" माझे हातपाय गार पडले.

पडद्यावर चुकीचं उत्तरही तितकंच सुबक दिसतं. म्हणूनच 2022 मध्ये आर्टेमिस 1 मधून हेल्गा आणि झोहर या दोन स्त्रीदेहाच्या पुतळ्या, आत हजारो मापकं बसवून, चंद्राभोवती पाठवल्या. झोहरच्या अंगात संरक्षक जाकीट होतं, हेल्गाच्या नव्हतं. गणिताशी ताडून बघायला खरे आकडे मिळाले.

आणि ती मुलगी? आता माझी प्रत्येक फाइल आधी तिच्याकडे जाते. अजून दर महिन्याला काहीतरी सापडतंच तिला.