शब्द कोणाचा चालवायचा?

आम्ही लालबागहून बोलतोय. आमचा बचत गट दहा जणींचा. उन्हाळ्यात मसाला, दिवाळीला फराळ, मधल्या दिवसांत जमेल ते.

मागच्या दिवाळीत चाळीस किलो चकलीची ऑर्डर होती. शेवटचे दोन-तीन घाणे मऊ पडले. अध्यक्ष ताईंच्या ते लगेच लक्षात आलं. पण आमची रीत अशी, की सगळं बैठकीत ठरवायचं आणि कोणाला दुखवायचं नाही. बैठक बसली, चहा झाला, ‘चालतंय गं’ म्हणून माल गेला. आठ किलो परत आला. पैसे गेलेच, वर भाजणी करणारी आणि तळणारी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

मग झालं उलटं. ताईंनी सगळा कारभार हातात घेतला. भाव त्या ठरवणार, वही त्या ठेवणार, काम कोणाला द्यायचं तेही त्याच सांगणार. माल चांगला झाला, हे खरं. पण फेब्रुवारीपर्यंत तीन जणी यायच्या बंद झाल्या.

गट मोडायला आला तेव्हा आम्ही गिरगावातल्या ‘लिज्जत’ची गोष्ट पुन्हा नीट समजून घेतली. पापड तुमच्या गावातही मिळतो, पण त्यामागचा कारभार फारशा जणींना ठाऊक नसतो. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह!

सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, एक स्वस्त आणि एक चांगला. छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, त्यांना सल्ला द्यायचे. त्यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, चांगली. आजही शाखेतून मळलेलं पीठ वजन करून मिळतं. बहिणी ते घरी लाटून वाळवतात आणि पापड परत आणतात. मग तपासणी होते, वजन होतं, मजुरी मिळते. तपासणीच्या वेळी हात वर करून मतं घेत नाहीत. पापड बरोबर नसेल तर नसेल.

पैशाचं आणि धोरणाचं मात्र वेगळं. तिथे प्रत्येक बहीण मालक, नफा-तोटा सगळ्यांचा. निर्णय सर्वांच्या संमतीने, अगदी एकीचा विरोध असला तरी तो अडतो, अशी त्यांची पद्धत. म्हणजे तपासणीला कडक शिस्त आणि वाटणीला सगळ्यांचा शब्द, दोन्ही एकाच संस्थेत. आम्ही मात्र आधी दोन्हीकडे बैठक घेतली आणि मग दोन्हीकडे हुकूम चालवला.

आमच्या गिरणगावातच तिसरी तऱ्हा होती. प्रेमा पुरव या कामगार चळवळीतल्या बाई. गिरणी कामगारांना घरगुती खाणावळीतून जेवण देणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात अडकलेल्या होत्या. प्रेमाताईंनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. पोळ्या कशा लाटायच्या हे त्या बायकांना शिकवायची गरज नव्हती. अडत होतं ते बाहेर, बँकेच्या दारात. तिथे पुढे होणारी कोणी हवी होती.

आम्ही मग तिन्ही कामं वेगळी केली. भाव आणि नफा सगळ्या मिळून ठरवतो, वही बैठकीत मोठ्याने वाचतो. (काही गावांत बाई अध्यक्ष आणि वही नवऱ्याच्या कपाटात, असं ऐकतो. तिथे आधी वही सोडवून आणा.) बँक, दुकानदार, ऑर्डर हे ताईंकडे, कारण त्या बोलायला धीट. आणि माल तपासायला दर महिन्याला एक जण. त्या महिन्यात तिचा शब्द शेवटचा.

मे महिन्यात ही पाळी आमच्यातल्या सगळ्यात अबोल काकूंची होती. त्यांनी नेमका अध्यक्ष ताईंनीच भाजलेला मसाला बाजूला काढला. म्हणाल्या, ‘धणे करपलेत.’ घरात क्षणभर कोणी बोलेना. ताईंनी चिमूट जिभेवर ठेवली, पातेलं उचललं आणि पुन्हा धणे निवडायला बसल्या.

गेलेल्या तिघींपैकी एक परत आली आहे. दुसरीशी बोलणं चालू आहे, तिसरी येणार नाही असं दिसतं. दिवाळीच्या ऑर्डरी यायला लागल्यात आणि चकली तपासायची पाळी या वेळी मागच्या वर्षी भाजणी केलेल्या ताईची आहे.